रबराचे डोळे काळे पडतात? आधी काडीच्या झाडाचं पाणी बघा

डोळा भरणं म्हणजे चांगल्या झाडाच्या काडीवरचा डोळा सालीच्या तुकड्यासकट काढून दुसऱ्या रोपाच्या खुंटावर पट्टीने बांधणं. कोकणातल्या दोडामार्गात एप्रिलमध्ये भरलेले निम्मे डोळे तीन आठवड्यांनी पट्टी सोडल्यावर काळे निघाले, आणि आदल्या दिवशी काडीच्या झाडांना भरपूर पाणी दिलं होतं, असं तुम्ही लिहिलंय. माझा संशय त्या 'भरपूर'वरच आहे.

आपल्याकडे ऑक्टोबरनंतर पाऊस नाही, जांभ्यात ओल टिकत नाही. फेब्रुवारीपासून तहानलेलं झाड एका रात्रीत भरून येत नाही. सालीखालचा वाढीचा थर ओलसर, जिवंत असेल तरच साल अलगद सुटते. तहानलेल्या काडीची साल ओढून काढावी लागते, आणि डोळ्यामागचं बारीक टोक लाकडालाच चिकटून राहतं. सोललेला तुकडा उलटा करून बघा: डोळ्याच्या जागी उंचवटा हवा. खळगा दिसला तर तो टाका. असा तुकडा पुढे जुळतो, खरवडला तर हिरवाही दिसतो, पण कोंब येत नाही. आरआरआयआय १०५ या रबराच्या वाणाचे असे 'आंधळे' डोळे मी दोन महिने कौतुकाने सांभाळलेत!

उलट, ताणानंतर एकदम पाणी मिळालं की काही दिवसांत शेंड्याला तांबूस, लोंबती पालवी फुटते. तेव्हाही साल नीट सुटत नाही. पालवी हिरवी, कडक होईपर्यंत थांबायचं.

म्हणून काडी कापायच्या निदान महिनाभर आधीपासून ठरावीक दिवसांनी पाणी द्या. बुंध्याशी पातेऱ्याचा जाड थर घाला. माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पाणी गळू नये, म्हणजे वाफसा. वाफ्यात पाणी तुंबलं तर मुळं गुदमरतात, हेही विसरू नका. ज्यावर डोळा भरायचा त्या खुंटालाही हाच नियम.

डोळा भरल्यावर पाणी फक्त मुळाशी. मी एका वर्षी पाइप वरून फिरवला, पट्टीत पाणी शिरलं आणि रांगच्या रांग कुजली. शिवाय पाणी भरपूर असलेल्या खुंटाला सकाळी चीक जोरात येतो. काप घेऊन तो थांबू द्या, पुसा, मगच तुकडा बसवा.

आता एक सांगा, तुमचे काळे डोळे सुकून कडक झाले होते की ओले, बुळबुळीत? कडक असतील तर काडी किंवा खुंट तहानलेला होता, किंवा कापलेली काडी उन्हात राहिली. बुळबुळीत असतील तर पट्टी वरून खाली बांधली होती का ते आठवा. खालून वर बांधली की वरून येणारं पाणी आत शिरत नाही.