सगळे आधीच लिहून मोकळे, मग मी काय लिहू?

प्रश्न: ताई नमस्कार, मी मानेवाड्याला राहते, एका दुकानात अकाउंट्स बघते आणि घरूनच एम.ए. राज्यशास्त्र करून राहिली. ऑनलाईन वर्गात दर आठवड्याला एक विषय चर्चेला देतात, त्याचे मार्क असतात. यावेळी आहे, भाषावार प्रांतरचना योग्य होती का. मी रात्री दहानंतर मोकळी होते, तोवर वीसेक जणांनी लिहून टाकलेलं असतं, मग मी "सहमत आहे, छान मांडलंय" एवढं टाकते. मागच्या वेळी १० पैकी ३ मिळाले. त्यात माझी भाषा नागपुरी, पुण्याकडची मुलं किती सफाईदार लिहितात. सासरे म्हणतात लिही नं, माझ्या बाबांना याच्याचपायी नागपूर सोडून मुंबईला जावं लागलं, सचिवालयात होते ते. पण घरच्या गोष्टी अभ्यासात कशा लिहायच्या?
— एक वाचक, नागपूर

उत्तर: अगं, ही घरची गोष्टच तर त्या वीस जणांकडे नाहीये! फक्त ती नुसती किस्सा म्हणून सांगू नको, विषयाला बांध. नागपूर १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, १ नोव्हेंबरला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि राजधानीपण गेलं, हे तुझ्या पुस्तकात असेलच. त्याच्या आदल्या वर्षी, १९५५ ला, राज्यांची नवी रचना सुचवायला नेमलेल्या फाजल अली आयोगाने विदर्भाचं वेगळं राज्य सुचवलं होतं, म्हणजे मराठी बोलणारे दोन राज्यांत राहिले असते. आता हे घे आणि असं लिही बघ: "भाषा हाच एक निकष असता तर आयोगाने विदर्भ वेगळा का सुचवला? माझ्या सासऱ्यांचे वडील नागपूरच्या सचिवालयात होते, घरी सांगतात की त्यांना मुंबईला जावं लागलं. राजधानी जाते तेव्हा नोकऱ्या पण जातात, हा मुद्दा चर्चेत यायला पाहिजे असं मला वाटतं." झालं की, तीन वाक्यं. "घरी सांगतात" हे शब्द मात्र ठेव, आठवण वेगळी आणि दाखला वेगळा हे शिक्षकांना दिसलं पाहिजे.

"सहमत आहे" ने मार्क मिळत नाहीत कारण त्याच्यापुढे कोणालाच काही बोलता येत नाही, चर्चा तिथेच थांबते. वीसच्या वीस वाचत बसू नको, एकाचंच नीट वाच, त्याचं एक वाक्य उचल, "तुम्ही म्हणता भाषेमुळे कारभार सोपा झाला, पण मग मराठी-गुजराती असं द्विभाषिक मुंबई राज्य का केलं?" असं विचार. पटलं नाही तर मुद्द्याला धर, माणसाला नाही, आणि खरंच पटलं असेल तर का पटलं ते एका ओळीत सांग.

वेळेचं म्हणशील तर विषय आला की त्याच दिवशी दुपारच्या सुट्टीत मोबाईलच्या नोट्समध्ये दोन ओळी टाकून ठेव, रात्री फक्त नीट करून चिकटवायचं (नेट गेलं तर लिहिलेलं उडत पण नाही). शेवटच्या रात्री लिहिलंस की उत्तर द्यायला कोणी उरत नाही. आणि दोन दिवसांनी परत जाऊन बघ, कोणी तुला काही विचारलं असेल तर त्याला उत्तर दे, हे फार कमी जण करतात गं, खरी चर्चा तिथेच सुरू होते.

भाषेची भीती मनातून काढ. "करून राहिली" लिहिलं म्हणून मुद्दा कच्चा होत नाही, आयोगाचं नाव नि साल चुकलं तर होतो. परीक्षेच्या पेपरात प्रमाण भाषा ठेव, चर्चेत तुझी बोली आली तर येऊ दे.

आज रात्री जेवताना सासऱ्यांना विचार, बाबा कोणत्या साली गेले, एकटेच गेले की घर घेऊन गेले, आणि परत कधी आले.