प्रेषितांच्या काळी एवढे चमत्कार व्हायचे, मग आज का होत नाहीत? आमचाच विश्वास कमी पडतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक वाचायला घेतलं की लंगडे चालतात, तुरुंगाची दारं उघडतात, मेलेले उठतात. आणि इकडे नवापूरकडच्या तुमच्या मंडळीत (चर्चमध्ये) सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या पुतण्यासाठी दोन वर्षं उपास-प्रार्थना चालू आहे, तरी त्याचं दुखणं उलटतंच. त्यात बाहेरून आलेले एक प्रचारक सांगून गेले की गोळ्या चालू ठेवणं हाच अविश्वास.

आधी शेवटच्या मुद्द्याचं सांगतो: गोळ्या बंद करू नका. का, ते पुढे लिहितो.

आता मूळ प्रश्न. त्या काळी चमत्कार रोजचेच होते, हा समज आधी तपासून पाहा. कृत्यांचं पुस्तक २८ अध्यायांचं आहे. सलग वाचलं तर अडीच-एक तासात संपतं, पण त्यात साधारण ३० वर्षांचा काळ आहे, यरुशलेमपासून रोमपर्यंत. सुंदर दरवाजापाशी बसणारा लंगडा, लोदमधला ऐनेयास, यापोची टबीथा, खिडकीतून पडलेला युतुख, मिलिता बेटावरचा पुब्ल्याचा बाप असे नेमके सांगितलेले प्रसंग मोजले तर वीसेक भरतात. शिवाय 'पुष्कळ चिन्हे व अद्भुते घडली' अशी मोघम वाक्यं आहेत, तीही धरा. तरीसुद्धा तीस वर्षं, अनेक प्रांत आणि डझनभर शहरं यांवर ते पसरा. एखाद्या करिंथकराने किंवा फिलिप्पैकराने आयुष्यात असा एखादाच प्रसंग डोळ्यांनी पाहिला असेल, पुष्कळांनी तोही नाही. शहाद्याकडून पाहिलं की सातपुड्याची शिखरं एकमेकांना चिकटलेली दिसतात, आणि तोरणमाळला चढायला लागल्यावर मधल्या दऱ्या कळतात. वाचताना आपलंही असंच होतं. लिहिणाऱ्याने शिखरं लिहिली, दऱ्या लिहायचं त्याला कारण नव्हतं.

पूर्ण बायबलचंही तेच. चमत्कारांची दाटी तीन ठिकाणी आहे: मोशे-यहोशवा, एलीया-अलीशा, आणि येशू व त्याचे प्रेषित. मध्ये दानीएलासारखे मोजके प्रसंग सोडले तर शतकंच्या शतकं शांत आहेत. अलीशाच्या मृत्यूपासून येशूपर्यंत जवळपास ८०० वर्षं जातात. दावीद राजा सात दिवस उपाशी राहून जमिनीवर पडून लेकरासाठी प्रार्थना करतो आणि लेकरू जातं. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने एकही चिन्ह केलं नाही, असं योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय, आणि स्त्रियांपासून जन्मलेल्यांत त्याच्याहून मोठा कोणी नाही असं येशूच म्हणतो. मग योहानाचा विश्वास कमी होता, असं म्हणायचं का?

तुमच्या प्रश्नाला येशूनेच एकदा उत्तर दिलंय, फक्त ते फारसं कोणी प्रवचनाला घेत नाही. लूक, चौथा अध्याय. नासरेथच्या सभास्थानात तो म्हणतो: एलीयाच्या काळी इस्राएलात विधवा पुष्कळ होत्या, पण त्याला पाठवलं ते सीदोनातल्या सारफथच्या एकीकडेच. अलीशाच्या काळी कुष्ठरोगी पुष्कळ होते, शुद्ध झाला तो सिरियाचा नामान एकटाच. ऐकणारे इतके संतापले की त्याला कड्यावरून लोटायला निघाले. म्हणजे ज्या काळाला आपण चमत्कारांचा सुवर्णकाळ म्हणतो, त्या काळीही बहुतेक विधवा आणि बहुतेक रोगी होते तसेच राहिले. बेथेसदाच्या तळ्याकाठी आंधळ्या-लंगड्यांची गर्दी पडलेली होती. त्यातल्या ३८ वर्षं आजारी असलेल्या एकालाच येशूने उठवल्याचं योहान सांगतो, आणि मग तो गर्दीतून निघून जातो.

का? माझ्या समजुतीप्रमाणे पवित्र शास्त्रात चमत्कार म्हणजे सर्वांसाठी उघडलेला दवाखाना नव्हे. नवा करार, नवा संदेश येतो तेव्हा तो कोणाकडून आलाय हे दाखवणारी ती खूण असते. म्हणूनच ती वळणांवर दाट असते आणि सरळ रस्त्यावर विरळ. यावर मंडळ्यांत दोन मतं आहेत. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्व्हिन याच्या परंपरेतले पुष्कळ जण म्हणतात की चमत्कारांची दानं प्रेषितांबरोबर संपली. पेंटेकॉस्टल मंडळी म्हणतात की संपली नाहीत, आणि १९०५ मध्ये पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमधलं जागरण आणि १९०६ मधलं लॉस एंजेलिसचं जागरण यांचे दाखले देतात. 'संपली' हे मत मला वचनांवर तुटपुंजं वाटतं. 'प्रत्येकाला, मागितल्यावर लगेच' हे त्याहून तुटपुंजं वाटतं.

आणि हा प्रश्न आजचा नाहीच. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (हिप्पो म्हणजे आजच्या अल्जीरियातलं अन्नाबा) याने इ.स. ३९० च्या सुमारास लिहिलं होतं की तसे चमत्कार आपल्या काळापर्यंत चालू ठेवले गेले नाहीत. पुढे ४२६ च्या आसपास, म्हातारपणी, त्याने हाच प्रश्न पुन्हा घेतला, 'तेव्हा घडायचे म्हणता, मग आता का घडत नाहीत?' आणि आपलं मत बदललं. घडतात, पण गाजत नाहीत, असं त्याचं म्हणणं झालं. शास्त्रातले चमत्कार जगभर वाचून दाखवले जातात. आजचा चमत्कार गावातल्या गावात राहतो, आणि मोठ्या शहरात तर शेजारच्या गल्लीतही पोचत नाही.

त्याने दिलेलं कार्थेजच्या इनोसेन्शियाचं उदाहरण पाहा. तिला स्तनाचा कर्करोग होता आणि उपाय नाही असं तिच्या ओळखीच्या वैद्याने सांगितलं होतं. तिला स्वप्नात सूचना मिळाली: ईस्टरच्या सणाला बाप्तिस्मा घेऊन जी स्त्री पहिल्यांदा समोर येईल, तिला दुखऱ्या जागेवर क्रुसाची खूण करायला सांग. तिने तसं केलं आणि ती बरी झाली. ऑगस्टीनला हे बऱ्याच काळाने कळलं आणि तो चिडला, की एवढी मोठी गोष्ट झाकून का ठेवली? ती म्हणाली, झाकली नाही. तेव्हा त्याने तिच्या जवळच्या मैत्रिणींना विचारलं, तर त्यांनाही पत्ता नव्हता! मग त्याने आपल्या गावी शिस्त घातली: जो बरा होईल त्याचा जबाब लेखी घ्यायचा आणि मंडळीपुढे वाचायचा. दोन वर्षं पुरी व्हायच्या आत जवळपास ७० जबाब जमले. ते सगळे खरेच असतील असं मी म्हणत नाही, आजच्यासारख्या तपासण्या तेव्हा नव्हत्या. मुद्दा एवढाच की नोंद ठेवायला लागल्यावर 'चमत्कार कमी झाले' ही तक्रार लगेच बदलली.

आपल्याकडेही आठवण अशीच काम करते. मुक्ताईनगर तालुक्यात तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवांचं देऊळ आहे. चौदाशे वर्षांचं आयुष्य, वाघावरची स्वारी, ज्ञानेश्वरांनी चालवलेली भिंत हे खानदेशात पोरासोरालाही पाठ असतं. पण त्यांच्या कोऱ्या पत्राला ज्ञानेश्वरांनी ६५ ओव्यांचं उत्तर दिलं, त्यात सिद्धीचं कौतुक नसून आत्मज्ञान आहे, हे किती जणांना ठाऊक असतं? लोकांच्या तोंडी भिंत राहते, बाकीचं मागे पडतं.

आज चमत्कार कमी दिसण्याचं आणखी एक कारण म्हणजे चाळणी बारीक झालीय. फ्रान्समधल्या लूर्द या ख्रिस्ती तीर्थस्थानी १८८३ पासून डॉक्टरांचं कार्यालय आहे. बरं झाल्याचे ७,००० हून जास्त दावे तिथे नोंदले गेले आणि २०१८ पर्यंत चर्चने चमत्कार म्हणून मान्य केले ते ७०. कसोट्या अठराव्या शतकात ठरल्या: आजार गंभीर हवा, आपोआप उताराला लागलेला नको, औषधाने गुण आलेला नको, बरं होणं अचानक, पूर्ण आणि टिकाऊ हवं. त्यामुळे आधीचे आणि नंतरचे कागद लागतात आणि वर्षानुवर्षं वाट पाहावी लागते. आपल्या मेळाव्यांतल्या साक्षी बहुतेक वेळा पहिल्याच पायरीवर अडतात, कारण आधीचा रिपोर्टच नसतो. 'डॉक्टरांनी हात टेकले होते' म्हणतात, पण कोणत्या डॉक्टरांनी, कोणत्या तारखेला, कुठल्या तपासणीवरून, हे सांगता येत नाही. मंचावर कंबरदुखी थांबते तीही खोटी नसते. गर्दी, गाणी आणि आशा यांनी वेदना खरोखर काही तास दबते. म्हणून साक्ष त्याच रात्री घेऊ नये, वर्षाने घ्यावी.

आता पुतण्याचं. सिकलसेलमध्ये दुखण्याचा झटका येतो, तो थंडी, ताप, अतिश्रम किंवा पाणी कमी पडल्याने. काही दिवस, कधी आठवडाभर हाडं-सांधे असह्य दुखतात, मग झटका ओसरतो आणि पुढचे काही आठवडे किंवा महिने मूल ठणठणीत दिसतं. चौथ्या-पाचव्या दिवशी प्रार्थनेला कोणी आलं की दुसऱ्या दिवशी बहुतेक वेळा उतार पडतोच. भगताकडे किंवा बडव्याकडे नेलं तरी तोच उतार पडतो. दुसरी फसगत औषधाच्या वेळेची. झटके कमी करणाऱ्या हायड्रॉक्सीयुरिया या गोळीचा पूर्ण परिणाम दिसायला तीन ते सहा महिने लागतात. जूनमध्ये गोळी सुरू झाली आणि नाताळच्या मेळाव्यानंतर झटके कमी झाले, तर श्रेय मेळाव्याला जातं, घरचे गोळी बंद करतात आणि काही महिन्यांत झटके परत येतात. मग म्हणतात, विश्वास ढळला म्हणून आजार उलटला. त्या पोरावर हा केवढा अन्याय आहे! आजार खरोखर गेला का, हे बघायचं असेल तर रक्ताची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी पुन्हा करा. सिकलसेलचं एस हिमोग्लोबिनच जास्त दिसत असेल तर आजार आहे, आणि गोळीही चालूच राहिली पाहिजे.

औषध घेणं म्हणजे अविश्वास, हे शास्त्रात कुठेच नाही. हिज्कीया राजाला देवाने स्वतः बरं करण्याचं आणि १५ वर्षं आयुष्य वाढवण्याचं वचन दिलं, तरी यशयाने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितला. पौलाने तीमथ्याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला लिहिलं. कृत्यांत सांगितलेत तसे रुमाल पाठवून बरं करत बसला नाही. त्रफिमाला तो मिलेतात आजारी सोडून पुढे गेला. एपफ्रदीत मरणाच्या दारात जाऊन आला. आणि स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी पौलाने तीनदा विनवणी केली, काटा निघाला नाही. पौलाचाही विश्वास कमी होता असं ते प्रचारक म्हणतील का? कृत्यांच्या बाराव्या अध्यायात हेरोद याकोबाला तलवारीने मारतो, आणि त्याच अध्यायात देवदूत पेत्राला बेड्यांतून सोडवतो. दोघेही प्रेषित, दोघेही येशूचे जवळचे. एकाचा विश्वास दुसऱ्याहून कमी होता, असं लूक कुठेही सुचवत नाही.

नासरेथात लोकांच्या अविश्वासामुळे येशूने फार चमत्कार केले नाहीत, हे मत्तयाने लिहिलंय, आणि ते वचन तुमच्यावर फेकलं जाईल. पण तिथे त्याला झिडकारणारे लोक होते, रडून मागणारे नव्हते. उलट नाईनच्या विधवेने काही मागितलंच नव्हतं, लाजर तर मेलेला होता, आणि ज्या मल्खाचा कान बरा केला तो त्याला पकडायला आलेला होता. दोन वर्षं उपास करणाऱ्या घराला 'तुमचा विश्वास कमी' असं म्हणणं मला निष्ठुरपणाचं वाटतं.

खानदेशच्या मंडळ्यांना प्रार्थनेचा आणि औषधाचा, असे दोन्ही वारसे आहेत. भुसावळकडे काम केलेल्या अलायन्स मिशनच्या संस्थापकांच्या शिकवणीत 'ख्रिस्त आरोग्यदाता' हा चार मुख्य मुद्द्यांतला एक होता, आणि तुमच्या तालुक्यातल्या चिंचपाड्याला मिशनचं हॉस्पिटल उभं राहिलं.

तेव्हा याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायाप्रमाणे मंडळीच्या वडिलांना घरी बोलवा, तेल लावून प्रार्थना करू द्या, हव्या तितक्या वेळा. त्याच घरात हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक अ‍ॅसिड डॉक्टरांनी दिलेल्या डोसने रोज चालू ठेवा, ते सांगतील तेव्हा रक्ततपासणी करा, मुलाला दिवसभर भरपूर पाणी पाजा, थंडीत अंगभर कपडे घाला. प्रचारक पुन्हा आले तर गोळ्या बंद करण्याचा सल्ला मंडळीच्या पाळकांसमोर, लेखी द्यायला सांगा. ताप १०१ च्या वर गेला, छातीत दुखलं, दम लागला, पोट डावीकडे फुगलं किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयात न्या आणि दारातच सांगा की मूल सिकलसेलचं आहे.