शंका तुमच्या: काट्याचं वजन स्क्रीनवर येईना

प्रश्न: कळमना मार्केटजवळ आमचा धरमकाटा आहे. इंडिकेटरवर (वजन दाखवणाऱ्या डब्यावर) वजन दिसतं, पण विंडोज एक्सपीच्या जुन्या कॉम्प्युटरवर येत नाही. मागच्या पावसात वीज कडाडली, तेव्हापासून हे सुरू आहे. मेकॅनिक मदरबोर्ड बदला म्हणतो. काट्याची केबल लागते तो सिरीयल पोर्ट खरंच गेला का, हे कसं कळेल?
– एक वाचक, नागपूर

उत्तर: बोर्डावर खर्च करण्याआधी एक साधी चाचणी करा. पोर्टने पाठवलेलं अक्षर त्यालाच परत मिळतं का, हे बघायचं; याला लूपबॅक म्हणतात. सीताबर्डीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून नऊ पिनांचा फीमेल कनेक्टर आणा आणि त्याच्या २ व ३ नंबरच्या पिना तारेने जोडा. आकडे प्लास्टिकवर बारीक कोरलेले असतात, बॅटरीच्या उजेडात दिसतात. कॉम्प्युटर बंद करून काट्याची केबल काढा आणि तिथे हा कनेक्टर लावा.

आता वजनाचं सॉफ्टवेअर पूर्ण बंद ठेवा, नाहीतर ते पोर्ट अडवून बसतं. हायपरटर्मिनल या एक्सपीतल्याच प्रोग्रॅममध्ये कॉम १ (पहिला सिरीयल पोर्ट) निवडा: बॉड रेट म्हणजे वेग ९६००, ८ बिट, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १, फ्लो कंट्रोल ‘नन’. हे शेवटचं विसरलात तर चांगला पोर्टही मुका वाटेल. टाइप केलेलं अक्षर स्क्रीनवर उमटलं, की लगेच कनेक्टर काढून पुन्हा टाइप करा. आता काहीच उमटायला नको. तरीही उमटत असेल तर लोकल एको चालू आहे, म्हणजे टाइप केलेलं अक्षर प्रोग्रॅम स्वतःच दाखवतो. तो बंद करून चाचणी पुन्हा घ्या. ही उलटतपासणी बरेच जण टाळतात आणि मेलेला पोर्ट पास करून मोकळे होतात.

अक्षर आलंच नाही तर आधी बायोस (कॉम्प्युटर सुरू होतानाचं सेटिंग) उघडा. पोर्ट ‘डिसेबल्ड’ नसावा. पत्ता ३एफ८, आयआरक्यू ४ असावा. तेही ठीक असेल तर मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून काळी प्रोब पोर्टच्या पिन ५ ला, लाल पिन ३ ला लावा. उणे ५ ते उणे १५ व्होल्ट यायला हवेत. शून्य आले तर एसएमपीएसच्या (कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायच्या) निळ्या तारेवर उणे १२ व्होल्ट आहेत का ते बघा. तिथे नसतील तर दोष एसएमपीएसचा. असतील तर बहुधा पोर्टची ड्रायव्हर चिप गेली. लांब केबलमधून आलेला विजेचा झटका आधी तिलाच बसतो. अशा वेळी बोर्ड बदलण्यापेक्षा पीसीआय सिरीयल कार्ड स्वस्त पडतं.

पोर्ट पास झाला तर काट्याकडून आलेल्या केबलच्या पिना २ आणि ५ मध्ये व्होल्टेज मोजा. तिथेही उणे व्होल्टेज हवं. नसेल तर दोष केबलचा किंवा इंडिकेटरचा. स्क्रीनवर भलतीच चिन्हं येत असतील तर केबलला हात लावू नका, बॉड रेट किंवा पॅरिटी जुळत नाही. ही चूक लूपबॅकमध्ये सापडत नाही, कारण पाठवणारी आणि घेणारी चिप एकच असते.

प्रश्न: यूएसबी-सिरीयल कन्व्हर्टर असाच तपासता येईल का?

उत्तर: हो, तसाच. फक्त त्याला कॉम ७ किंवा ८ असा नंबर मिळू शकतो, आणि काही जुनी सॉफ्टवेअर ४ च्या पुढे बघतच नाहीत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ सेटिंगमधून नंबर बदला आणि कन्व्हर्टर कायम त्याच यूएसबी सॉकेटला लावा.