स्प्लिट कीबोर्ड बनवताय? आधी बटणं ठरवा, मग बोर्ड

मनगट दुखतं म्हणून वायरलेस स्प्लिट, म्हणजे दोन हातांसाठी दोन वेगळ्या भागांचा कीबोर्ड स्वतः बनवायचाय, ४२ बटणांचा कॉर्ने हा तयार आराखडा आवडलाय, दिवसा कोड लिहिता आणि रात्री इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण लेआउटमधून मराठी, असं तुम्ही लिहिलंय. कंट्रोलर (कीबोर्डचा मेंदू) आणि बॅटरीचं विचारलंत, त्याकडे येतोच. पण तुमची खरी अडचण रात्रीच्या त्या टायपिंगमध्ये आहे.

कीबोर्डला मराठी कळत नाही. अमुक बटण दाबलं, एवढंच तो कळवतो. अक्षर कुठलं हे संगणकातला लेआउट ठरवतो. त्यामुळे फर्मवेअरमध्ये, म्हणजे कीबोर्डच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, देवनागरीचं काही करावं लागत नाही, पण इनस्क्रिप्टला लागणारी बटणं हाताशी हवीत. 'डॉक्टर' टाइप करून बघा. ड आहे पीच्या उजवीकडच्या चौकटी कंसावर, 'ॉ' बॅकस्लॅशवर. कॉर्नेच्या नेहमीच्या मांडणीत ही दोन्ही बटणं लेयरमध्ये जातात, म्हणजे एक जादा बटण धरून दाबावी लागतात. 'कृपया'तला 'ृ' बरोबरच्या चिन्हावर, म्हणजे तोही लेयरमध्ये. 'ढ'ला तर लेयर आणि शिफ्ट दोन्ही धरा! कोडमध्ये कंसासाठी लेयर दाबणं चालून जातं, पण मराठी लिहिताना दर दोन ओळींनी ड येतो आणि तंद्री मोडते. फोनेटिकवाल्यांना, म्हणजे रोमन अक्षरांत उच्चार टाइप करून मराठी लिहिणाऱ्यांना, ही कटकट नाही, त्यांनी खुशाल ४२ घ्यावीत.

तुम्ही ५८ बटणांच्या लिली५८ या आराखड्याच्या धर्तीवर जा. आकड्यांची ओळ मिळते, आणि पीच्या उजवीकडच्या बटणावर कंस ठेवलात की ड जिथल्या तिथे राहतो.

कीकॅड, म्हणजे सर्किट बोर्ड आखायचं सॉफ्टवेअर, उघडण्याआधी आराखडा खऱ्या मापात कागदावर छापा, टेबलावर चिकटवा आणि त्यावर हात ठेवून बघा. करंगळीची उभी ओळ किती खाली हवी हे प्रत्येकाच्या हातावर असतं, दुसऱ्याचं माप घेऊन उपयोग नाही. अंगठा तर हमखास चुकतो: आत वळवून दाबावं लागणारं बटण लावलंत, तर मनगटाचं दुखणं अंगठ्यात येईल. एमएक्स या नेहमीच्या उंच स्विचचं अंतर १९.०५ मिमी धरतात, चॉक या बुटक्या स्विचचं १८ बाय १७. बोटं आखूड असतील तर चॉक बघाच, उंचीही कमी होते. मापं पक्की झाली की एर्गोजेन या मापांवरून बोर्ड आखणाऱ्या प्रोग्रॅममध्ये लिहून काढा, त्यातून कीकॅडची फाइल मिळते. बोर्ड दोन्ही बाजूंनी चालेल असा आखा, म्हणजे तोच उलटा करून दुसऱ्या हाताला वापरता येतो. किमान ५ बोर्डांची ऑर्डर द्यावी लागली तरी दोन कीबोर्ड होतात.

इलेक्ट्रॉनिक्सचा बाऊ करू नका. एका भागात २९ बटणं, ५ आडव्या आणि ६ उभ्या ओळी, म्हणजे कंट्रोलरच्या ११ पिना. नाइस!नॅनो या ब्लूटूथ कंट्रोलरवर तेवढ्या पुरून उरतात. प्रत्येक बटणाला एक १एन४१४८ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा सुटा भाग), त्यावरची पट्टी सगळीकडे एकाच दिशेला. फर्मवेअर झेडएमके घ्या. क्यूएमके हे दुसरं फर्मवेअर वायरीसाठी उत्तम, पण नाइस!नॅनोच्या ब्लूटूथवर ते चालत नाही.

बॅटरीत मात्र घाई नको. कंट्रोलरखाली ३०१२३० मापाची, साधारण ११० एमएएचची लिथियम पॉलिमर बॅटरी मावते. नाइस!नॅनो तिला १०० मिलिअँपिअरने चार्ज करतो, ते ठीक. बोर्डवर हा वेग ५०० पर्यंत नेणारा जंपर (जोडायचे दोन छोटे बिंदू) असतो, एवढ्याशा बॅटरीला तो जोडायचा नाही. कनेक्टरमधल्या लाल-काळ्या तारांवरही विश्वास नको, प्लस-मायनसची जागा विक्रेत्यागणिक बदलते. मल्टिमीटर लावून बघा, मगच जोडा. चालू-बंदचा छोटा स्विच हवाच. आणि दोन्ही बॅटऱ्या एकदम संपणार नाहीत: उजवा भाग डाव्याशी बोलतो, डावा उजव्याशीही आणि संगणकाशीही, म्हणून डावा आधी मान टाकतो. जागा असेल तर तिकडे मोठी बॅटरी घाला. ओएलईडी पडदा लावायचा मोह टाळा, दिवे तर नकोच. लावलेत तर दर दोन-चार दिवसांनी केबल शोधत बसाल, मग वायरलेस कशाला?

दोन भागांनी एकमेकांना ओळखलं नाही, तर सोल्डरिंग उकरत बसू नका. दोन्हींवर सेटिंग्ज रीसेटची फाइल टाका, मग डावं-उजवं फर्मवेअर पुन्हा चढवा, आणि दोन्ही एकदम चालू करा. संगणकातलं जुनं पेअरिंगही काढून टाका. केस ॲल्युमिनियमची करणार असाल, तर अँटेनाची बाजू उघडी ठेवा आणि तिच्याखाली बोर्डवर तांबं ठेवू नका, नाहीतर हातभर अंतरावरही अक्षरं गळतात. पहिल्यांदा थ्रीडी प्रिंटच करा. स्वस्त पडते, आणि अंगठ्याची जागा एकदा तरी बदलाविशी वाटणारच.