मधल्या पट्ट्यात फक्त शून्य

प्रश्न : मुलीच्या वहीत एकात एक अशी तीन वर्तुळं आहेत. आत नैसर्गिक संख्या, त्याभोवती पूर्ण संख्या, सर्वांत बाहेर पूर्णांक. पूर्ण संख्या आणि पूर्णांक यांत माझाच गोंधळ होतो. शिवाय पूर्णांक हे नैसर्गिक संख्यांच्या दुपटीहून एकाने जास्त असतात, असं मी तिला सांगितलं. बरोबर आहे का?
— एक पालक

उत्तर : गोंधळ होणारच, नावं इतकी जवळची आहेत. त्यात ‘पूर्ण’ म्हटल्यावर ‘ऋण’ कुणाच्या मनात येत नाही. म्हणून मी वर्गात ‘पूर्णांक’ची फोड ‘अपूर्णांक’पासून करते. दोन पूर्णांक एक छेद दोन असं आपण वाचतो ना, त्यातला अपूर्णांकाचा तुकडा नको, एवढीच पूर्णांकाची अट. मग −३ सुद्धा पूर्णांक ठरतो. पूर्ण संख्या मात्र ०, १, २, ३... इथूनच सुरू होतात.

आता आकृती. मी फळ्यावर ती काढून मुलांना संख्या बसवायला लावते. ७ लगेच सर्वांत आत जातो. ‘मग ७ पूर्णांक नाही का?’ असं विचारलं की वर्ग गप्प होतो. आतल्या वर्तुळातली संख्या बाहेरच्या दोन्हींतही असते. उपसंच म्हणजे नेमकं हेच, आणि ते एकदा डोळ्यांना दिसावं लागतं. −३ बाहेरच्या पट्ट्यात जातो. अर्धा तिन्हींच्या बाहेर. मधल्या पट्ट्यात बसणारी संख्या एकच, शून्य! एवढा रुंद पट्टा आणि आत एकटं शून्य, हे पाहून मुलं चकित होतात, आणि मलाही दर वर्षी तितकाच आनंद होतो. (काही पुस्तकं शून्यालाही नैसर्गिक मानतात, तिथे आतली दोन वर्तुळं एकच होतात. इटालियन गणितज्ञ पेआनोने १८८९ मध्ये नैसर्गिक संख्यांची १ पासून सुरुवात केली होती, पुढे त्यानेच ० पासून केली.)

वर्तुळं वाढली ती वजाबाकीमुळे. ५ − ५ चं उत्तर नैसर्गिक संख्यांत नाही, त्यासाठी शून्य हवं. ५ − ८ ला शून्यही पुरत नाही. पूर्णांकांत मात्र कुठलीही वजाबाकी अडत नाही. धन, ऋण आणि शून्य यांचे नियम ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्येच मांडले होते : शून्यातून ऋण वजा केलं की धन.

तुमच्या मोजणीबद्दल मात्र ‘नाही’ म्हणावं लागेल. संख्या १०० पर्यंतच घेतल्या तर तुमचं म्हणणं खरं आहे : १ ते १०० नैसर्गिक, −१०० ते १०० पूर्णांक, म्हणजे २०१. पण संच न संपणारे असले की दुप्पट, तिप्पट ही भाषा चालत नाही. तिथे जोड्या लावून पाहायचं. १ ला ०, २ ला १, ३ ला −१, ४ ला २, ५ ला −२. समसंख्येला तिचा अर्धा भाग. विषम संख्येतून १ वजा करून अर्धं करायचं आणि ऋण चिन्ह लावायचं. एकही पूर्णांक जोडीविना राहत नाही, एकाच्या वाट्याला दोन येत नाहीत. म्हणजे उपसंच असूनही नैसर्गिक संख्या पूर्णांकांइतक्याच आहेत. वर्तुळं कोण कुणात आहे ते सांगतात, किती आहेत ते नाही.

लेकीला −५० ची जोडी शोधायला सांगा. तिने १०१ म्हटलं, तर तिला रीत कळली.