फॉल्स दिलं तरी डीबग चालू कसा झाला?

प्रश्न: ताई नमस्कार, मी एका छोट्या कंपनीत सर्व्हर बघतो, चाळीसेक लिनक्स मशिन्स आहेत, सगळं डिप्लॉय अ‍ॅन्सिबल या ऑटोमेशन टूलने. ग्रुप व्हार्समध्ये (मशिन्सच्या गटाच्या सेटिंग्ज) डीबग_मोड फॉल्सच आहे, कधी त्रास नाही झाला. मागच्या आठवड्यात प्रॉडक्शनवर चालवताना अजून खात्री म्हणून कमांडच्या शेवटी हायफन ई देऊन डीबग_मोड=फॉल्स असं टाकलं, आणि नेमका डीबग चालू झाला! रात्रभर लॉग लिहून लिहून डिस्क फुल. टेम्प्लेटमध्ये (ज्या साच्यावरून कॉन्फिग फाइल बनते) साधं 'इफ डीबग_मोड' आहे. चूक कुठे झाली?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: खात्री करायला गेलात तिथेच घात झाला, आणि हे इतक्या जणांचं होतं की मला सविस्तर लिहायचंय. बघा, ग्रुप व्हार्सची फाइल वायएमएल असते, तिथलं फॉल्स हे खरंखुरं बूलियन, म्हणजे हो-नाही प्रकारची किंमत. पण हायफन ईला नाव=किंमत असं दिलं की अ‍ॅन्सिबल ती किंमत स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, म्हणूनच घेतं, म्हणजे फॉल्स नाही तर पाच अक्षरांचा एक शब्द, आणि जिंजाच्या (टेम्प्लेटची भाषा) इफला रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग खरीच वाटते. वरून एक्स्ट्रा व्हार्सचा, म्हणजे हायफन ईने दिलेल्या किमतींचा, मान सगळ्यात मोठा, ग्रुप व्हार्स, होस्ट व्हार्स, अगदी चालू असताना सेट_फॅक्टने ठेवलेली किंमतसुद्धा त्याच्यापुढे चालत नाही, त्यामुळे तुमचं नीट लिहिलेलं फॉल्स बाजूलाच पडलं.

उपाय दोन आहेत आणि मी म्हणेन दोन्ही करा. टेम्प्लेटमध्ये व्हेरिएबलच्या नावानंतर पाइप (|) देऊन बूल फिल्टर लावा, म्हणजे कोणीही कसंही दिलं तरी निभावतं. आणि कमांडवर देताना जेसन द्या, महिरपी कंसात, नावाला डबल कोट, फॉल्सला कोट नाही, आणि अख्ख्या तुकड्याभोवती सिंगल कोट, नाहीतर शेल आतले कोट खाऊन टाकतो. व्हॅल्यूज जास्त असतील तर सरळ वायएमएल फाइल करून हायफन ईपुढे ॲट द रेट आणि फाइलचं नाव, मला तरी हेच आवडतं कारण फाइल गिटमध्ये राहते, कोणी काय दिलं ते नंतर दिसतं. फक्त व्हर्जन नंबर जपून हं, जेसन किंवा वायएमएलमध्ये 1.10 कोटाशिवाय लिहिलं की ते 1.1 होतं, तिथे स्ट्रिंगच हवी.

'व्हेन'मध्ये, म्हणजे टास्क कधी चालवायचा त्या अटीत, पण हाच घोळ होतो, अ‍ॅन्सिबल-कोअर 2.19 पासून तिथे बूलियन नसेल तर सरळ एररच येते, जे चांगलंच झालं.

प्रश्न: डेटाबेसचा पासवर्ड हायफन ईने दिला तर चालेल का? आम्ही रोज देतो.
– एक वाचक, ठाणे

उत्तर: नको, प्लीज नको. तो शेलच्या हिस्टरीत राहतो, आणि प्लेबुक (टास्कची यादी) चालू असताना त्याच मशिनवरच्या दुसऱ्या युजरने पीएस (चालू प्रोसेसची यादी) मारलं तर त्यालाही दिसू शकतो. आधी तो पासवर्ड आजच बदला. मग नवा पासवर्ड अ‍ॅन्सिबल व्हॉल्टने एन्क्रिप्ट केलेल्या फाइलमध्ये ठेवून ती फाइल ॲट द रेटने द्या, आणि ज्या टास्कमध्ये तो वापरता तिथे नो_लॉग ट्रू करा नाहीतर आउटपुटमध्ये छापला जाऊ शकतो. माणूस समोर बसून चालवणार असेल तर चालवताना पासवर्ड विचारणारा व्हार्स_प्रॉम्प्टही चालेल, टाइप करताना दिसत नाही. क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, चालत असेल तर व्हॉल्टचा पासवर्ड वेगळ्या फाइलमध्ये, परमिशन 600 (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल), आणि ती फाइल गिटमध्ये अजिबात टाकू नका.