राडा, रंग आणि आठवड्याचं पाणी

ताई, तुमचा मुलगा चार वर्षांचा, मुलगी दोनची. हौसेनं आणलेले वॉटर कलर मुलानं हॉलच्या भिंतीला फासले, धाकटीनं तर तळहातच बुडवले. सासूबाई म्हणाल्या, "राडा करायला आईनंच शिकवलंय." लातुरात नळाला पाणी आठवड्यातून एकदा, त्यात घर भाड्याचं. तुम्ही रंग माळ्यावर टाकले, लेकरांच्या हाती मोबाइल दिला आणि आता विचारताय, माझं चुकलं का?

रंग उचलून ठेवलेत त्याचं मला एवढं काही वाटत नाही. मोबाइल दिलात त्याचं वाटतं. तो परत मागताना जी रडारड होते, ती तुम्हालाच निस्तरावी लागणार.

रंग काढा खाली. फक्त वेळ आणि जागा ठरवून घ्या. पाहुणे यायच्या वेळी हॉलमध्ये रंग उघडले तर कुणाचंही डोकं फिरेल. आंघोळीच्या आधी, न्हाणीत किंवा अंगणात, अंगावर जुनं बनियन. खाली साखरेचं रिकामं पोतं उसवून अंथरा. खताचं नको, कितीही धुतलेलं असलं तरी. खेळ झाला की लेकरांना तिथंच टोपात बसवून आंघोळ घाला आणि त्याच पाण्यानं फरशी पुसा. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेल्या गावाला पाणी कसं पुरवायचं, हे मी काय सांगणार?

पाण्याची ओढ असेल त्या दिवशी मैदा काढा. 2 वाट्या मैदा, 1 वाटी मीठ, चमचाभर तेल, लागेल तसं पाणी. चांगलं मळून अर्ध्यात चिमूटभर हळद घाला. हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो. घाबरू नका, कपडा कडक उन्हात टाका, डाग फिका पडतो. धाकटी गोळा तोंडात घालणारच. खारट लागला की बहुतेक थुंकेल, पण तेवढ्या भरवशावर उठून जाऊ नका, एवढं मीठ पोटात जाणं बरं नाही. चुना, कुंकू, होळीचे रंग मात्र लेकरांच्या हाती अजिबात नकोत. चुना डोळ्यात गेला तर डोळ्यावरच बेतेल.

आता सासूबाई. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना कामाला लावा. पोळ्याला मातीचे बैल त्यांनी लहानपणी केलेच असतील. शेतातली काळी माती घमेलंभर मागवा आणि म्हणा, "आत्या, मला जमत नाही, तुम्ही दाखवा." आपली माती वाळताना तडकते, शिंगं हमखास मोडतात. त्यात बारीक भुस्सा मिसळावा लागतो, हे त्या तुम्हाला शिकवतील. (अजिंठ्याच्या चित्रांखाली जो मातीचा गिलावा आहे, त्यातही भाताची तुसं आहेत, म्हणजे युक्ती जुनीच.) एकदा त्यांचे स्वतःचे हात भरले की राड्याचं बोलणं कमी होईल. थांबेल असं म्हणत नाही. सासूबाई आहेत.

मुलानं काही काढलं की "हे काय काढलंस?" म्हणून लगेच विचारू नका. त्याला सांगायचं असेल तर तो सोडणार नाही तुम्हाला.

राहिली भिंत. ती ओल्या फडक्यानं घासू नका, साधा डिस्टेंपर असेल तर डाग पसरेल आणि खालचा रंगही निघेल. घर सोडताना तेवढ्या भिंतीला एक हात मारून द्या. तोवर घरमालक भाड्याला येतात तेव्हा त्यांची खुर्ची त्या भिंतीकडे पाठ करून ठेवा.